आमच्या पाळकांची तीन महिन्यांची सुट्टी

हे प्रकरण आमच्याच ख्रिस्ती मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चच्या समाजातलं आहे; पाळक म्हणजे या मंडळीचे धर्मगुरू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, गावांची नावं गाळली आहेत. लिहून झाल्यावर आधी पाळकसाहेबांना आणि पाळकीणबाईंना वाचायला दिलं. बाईंनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली, आणि मग त्या दोघांच्या संमतीनं हे पुढे ठेवते आहे. मी त्या काळात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पाळकीय समितीची सेक्रेटरी होते. म्हणजे जे चुकलं त्यात माझाही हात आहे.

पार्श्वभूमी

आमची मंडळी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं. अमेरिकन मराठी मिशन हे प्रोटेस्टंट मिशन १८३१ मध्ये नगरला आलं आणि पुढे खेडोपाडी मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक. तालुक्याच्या गावी दगडी चर्च, दोनशेच्या आसपास कुटुंबं, आणि शिवाय चार खेड्यांतल्या लहान मंडळ्या. या सगळ्याला दीक्षित, म्हणजे रीतसर दीक्षा झालेला, पाळक एक.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. माझे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. आठवडाभर पोरांना बाराखडी शिकवायची आणि रविवारी त्याच खोलीत उपासना घ्यायची, आजाऱ्याजवळ बसायचं, मयताला उभं राहायचं. पाळक महिन्यातून एकदा घोड्यावरून यायचे, बाप्तिस्मे आणि प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) तेवढं त्यांचं. पुढे शाळा गेल्या, मास्तर गेले आणि मास्तरांचं सगळं काम न बोलता पाळकांच्या अंगावर आलं. ते कधी आलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. घोड्याऐवजी मोटारसायकल आली होती, त्यामुळे एक माणूस सगळीकडे पोचतो असं आम्ही धरून चाललो.

आमचे पाळकसाहेब तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. घरात पाळकीणबाई आणि दोन शाळकरी मुलं. रविवारचा त्यांचा दिवस असा जायचा: नऊ वाजता मुख्य उपासना, साडेअकराला एक खेडं, चारला दुसरं. उरलेल्या दोन खेड्यांचा नंबर पुढच्या रविवारी. मधल्या दिवसांत घरभरणीची प्रार्थना, वाढदिवसाची प्रार्थना, बोअरला पाणी लागलं म्हणून आभारप्रार्थना, दवाखान्यात भेटी. आणि या सगळ्याहून जड म्हणजे दफनभूमीची जमीन. शेजारच्या शेतकऱ्यानं बांध सरकवला होता. सातबारा, मोजणी, तलाठी, भूमी अभिलेख कार्यालय, वकील, तारखा. या फायलीपायी साहेबांचे आठवड्यातले दोन दिवस जायचे. समितीत दोन निवृत्त सरकारी नोकर बसलेले असताना हे काम पाळकांकडे का होतं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. ते नाही म्हणत नसत, एवढंच.

अडचण

नाताळपासून धाप लागल्यासारखं चाललं होतं. डिसेंबरात रात्री-रात्री घरोघर नाताळची गाणी, जानेवारीत मोजणी, मग उपवासकाळातल्या रोज संध्याकाळच्या घरप्रार्थना, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तीन तासांची उपासना, पुनरुत्थानाची (ईस्टरची) पहाटसभा. पहाटसभेला साहेबांचा आवाज बसला होता. आम्ही त्यांना आल्याचा काढा नेऊन दिला आणि वाटलं, आपण काळजी घेतली.

पुनरुत्थानाच्या सणानंतर दहा-बारा दिवसांनी एका खेड्यात म्हातारे गृहस्थ वारले. मी मयताला गेले होते. ऊन मी म्हणत होतं. पेटी खाली उतरवली, दोर काढून घेतले, आणि साहेबांनी हातात माती घेऊन नाव उच्चारलं ते दुसऱ्याच माणसाचं. चार दिवसांपूर्वी ज्यांना पुरलं होतं, त्यांचं. माती टाकली. परत तेच नाव घेतलं. थोरल्या मुलानं मान वर केली, पण बोलला नाही. धाकटी मुलगी मात्र हळू आवाजात म्हणाली, "साहेब, हे आमचे दादा." साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत लाज नव्हती, घाबरणंही नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी नाव दुरुस्त केलं आणि विधी पूर्ण केला.

संध्याकाळी मी पाळकांच्या बंगल्यावर गेले. दार उघडंच होतं. साहेब ओसरीवर बसले होते, बूटही काढले नव्हते.

"सलाम, बाई," म्हणाले. मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मी आठ महिन्यांत एकदाही प्रार्थना केलेली नाही."

मी म्हटलं, "अहो, रोज दहा ठिकाणी करता."

"ती म्हणतो. करत नाही." आणि मग मांडीवरचं शास्त्र, म्हणजे बायबल, दाखवून म्हणाले, "हे उघडलं की मला तीन मुद्दे दिसतात. दुसरं काही दिसत नाही. रविवारचे तीन मुद्दे."

राजीनाम्याचा कागद त्या शास्त्रातच घडी घालून ठेवलेला होता. तारीख तेवढी घालायची राहिली होती.

समोर असलेले पर्याय

समितीच्या सात जणांपैकी अध्यक्ष तर साहेब स्वतःच होते. मी खजिनदारांना आणि एका ज्येष्ठ सभासदांना घरी बोलावून घेतलं. त्या रात्री आम्ही तिघांनी जे पर्याय मांडले ते जसेच्या तसे लिहिते.

पहिला पर्याय बदलीचा. आमच्याकडे हाच रुळलेला रस्ता आहे. पाळक दमले की मंडळी म्हणते "आता बदल हवा", वर अर्ज जातो, माणूस दुसऱ्या गावी जातो आणि तिथे तोच गाडा ओढू लागतो. खजिनदार म्हणाले, "आपला प्रश्न सुटेल." मग स्वतःच म्हणाले, "त्यांचा नाही सुटणार."

दुसरा पर्याय म्हणजे राजीनामा घेऊन मोकळं करणं. त्यांची इच्छा आहे तर अडवणारे आपण कोण, असं ज्येष्ठांचं मत होतं. यात त्यांच्याबद्दल आदरच होता. पण बंगला सोडावा लागणार, मुलांच्या शाळा, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी दुसरं काम काय मिळणार, हे प्रश्न होते.

तिसरा पर्याय गप्प बसण्याचा. उन्हाळ्यात दहा दिवस गावी जाऊन येतील, बरं वाटेल. खरं सांगायचं तर माझं मन इथेच रेंगाळत होतं. कारण बाकी सगळ्यांत बोभाटा होता.

चौथा पर्याय ज्येष्ठांनीच मांडला, तोही शास्त्रातून. एलियाची गोष्ट. कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आलेला संदेष्टा थोड्याच दिवसांत रानात झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. आणि देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई देतो, म्हणतो ऊठ, खा. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला देतो. ज्येष्ठ म्हणाले, "दोनदा झोपू दिलंय त्याला. आपण दहा दिवसांत उठवायला निघालो."

म्हणजे मोठी सुट्टी. पगारी. आणि तेवढा काळ मंडळी आपण चालवायची.

ठरवताना तीन गोष्टींवर आम्ही अडलो, आणि या तिन्ही ठिकाणी दुसरा निर्णय झाला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं.

एक, कुणाला सांगायचं. बिशपसाहेबांना सांगितल्याशिवाय सुट्टी होणार नव्हती. पण साहेबांना भीती होती की एकदा हे कार्यालयाच्या कागदावर आलं की आयुष्यभर "डोक्यानं कमजोर" असा शिक्का बसेल. ज्याच्या हातात आपली नेमणूक आणि बदली आहे, त्याच्यापुढे माणूस मन उघडं करू शकत नाही. बिशप कितीही प्रेमळ असोत, ही अडचण त्या खुर्चीचीच आहे. शेवटी मी आणि ज्येष्ठ प्रत्यक्ष भेटायला गेलो, अर्जात "विश्रांती आणि आत्मिक साधना" एवढंच लिहिलं, बाकी तोंडी सांगितलं. जून ते ऑगस्ट अशी तीन महिन्यांची सुट्टी मिळाली. महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजनासाठी शेजारच्या तालुक्याचे पाळक येतील असं ठरलं, कारण आमच्या रीतीप्रमाणे उपदेश कुणीही परवानगी असलेला सभासद करू शकतो, पण प्रभूच्या मेजापाशी दीक्षित पाळकच लागतो.

दोन, साहेबांनी कुणाकडे जायचं. त्यांच्या ओळखीतले सगळे पाळक तर याच गाड्याला जुंपलेले. मला येशूसंघाचे (जेझुइट) एक रोमन कॅथलिक फादर ठाऊक होते. शिक्षकांच्या शिबिरात ओळख झालेली, पुण्याकडे साधनाकेंद्रात माणसांना मौनसाधना घडवतात. आता आमच्या भागात वाचणाऱ्याला सांगायला नको की ही केवढी मोठी उडी होती. इथे एकाच वाड्यात दोन घरं रोमन, तीन घरं प्रोटेस्टंट. लग्नं जुळवताना अजून खळखळ होते. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला आमच्यातले काही जण हळूच जाऊन येतात आणि सांगत नाहीत. समितीत विषय निघाला तेव्हा एक सभासद उभे राहून म्हणाले, "आपल्याकडे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं केडगाव आहे. १९०५ साली तिथे केवढी प्रार्थनेची जागृती झाली. आपल्या पाळकाला रोमनांकडे पाठवायची वेळ का यावी?" प्रश्न रास्त होता. मी एवढंच म्हटलं की आपल्याकडे प्रार्थना उदंड आहे, पण समोरच्याचं दोन तास ऐकून घेऊन गप्प बसणारा माणूस मला आपल्यात सापडलेला नाही. सापडला तर मी त्याच्याकडे पाठवीन. मतदानात चार विरुद्ध दोन असं ठरलं.

तीन, मंडळीला काय सांगायचं. इथे आम्ही चुकलो. त्याबद्दल पुढे.

काय केलं

फादरांनी पहिल्या भेटीत साधनेबद्दल काही बोलणंच टाळलं. झोप किती, भूक कशी, मरणाचे विचार येतात का, हे विचारलं. आणि म्हणाले, आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवून या, मग माझ्याकडे. आत्म्याचं कोरडेपण आणि नैराश्याचा आजार हे बाहेरून सारखे दिसतात, कधी दोन्ही एकत्र असतात. आजारी माणसाला मौनात बसवलं तर तो आणखी खोल जातो. मी हे ऐकलं आणि अंगावर काटा आला. आठवडाभर त्या माणसाला मी "प्रार्थना करा, सगळं ठीक होईल" सांगत होते. डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, औषध सुरू केलं, रक्तदाबही वाढलेला निघाला. दीड महिना नुसती झोप, जेवण, चालणं आणि मुलांना शाळेत सोडणं.

ऑगस्टात, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, आठ दिवसांची मौनसाधना झाली. काय झालं ते साहेबांनी नंतर मला जेवढं सांगितलं तेवढंच लिहिते. दिवसातून एकदा फादरांशी पाऊण तास बोलणं, बाकी गप्प. एकच लहानसा उतारा घेऊन तासभर बसायचं आणि त्यातून मुद्दे काढायचे नाहीत. पहिले तीन दिवस त्यांच्या डोक्यात उपदेशच तयार होत राहिला. चौथ्या दिवशी रडू आलं. रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवस आठवायचा: कुठे जीव हलका झाला, कुठे जड झाला. ही पद्धत येशूसंघाचा संस्थापक संत इग्नाशियस याची. तो मुळात शिपाईगडी. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि महिनोन्महिने अंथरुणावर पडून असताना कोणत्या विचारानंतर मन टवटवीत राहतं आणि कोणत्या विचारानंतर ओसाड पडतं, हे तो निरखू लागला. त्यातून त्यानं एक नियम घालून दिला, तो साहेबांच्या फार उपयोगी पडला: मन ओसाड असताना, बऱ्या दिवसांत केलेला निश्चय बदलायचा नाही. राजीनाम्याचा कागद त्यांनी फादरांना दाखवला होता. फादर म्हणाले, फाडू नका, पण तारीखही घालू नका.

केंद्रात रोज मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना, होई. साहेब मागच्या बाकावर बसत. कॅथलिक शिस्तीप्रमाणे त्यांना पवित्र कम्युनियन घेता येत नव्हतं आणि त्यांनीही ते मागितलं नाही. त्यांना पहिल्यांदा कळलं, म्हणाले, की मेजापाशी जाता न येणं म्हणजे काय. आमच्या मंडळीत दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी) न झालेल्यांना, वाळीत टाकल्यासारखं वागवलेल्यांना मागे बसलेलं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. आता ते स्वतः त्या बाकावर होते.

इकडे आम्ही. बुधवारी संध्याकाळी मी पाच जणांना घेऊन बसू लागले: कारखान्यात वजनकाट्यावर असणारे एक कारकून, एक अंगणवाडी सेविका, एक तरुण नर्स, तरुण संघाचा एक मुलगा आणि खेड्यातले एक भजनी बुवा. शिकवायला मला येत होतं, पण उपदेश कसा शिकवायचा? मी शाळेतला पाठ घेतात तसा घेतला. उतारा मोठ्यानं तीनदा वाचायचा. ज्याला जे समजलं नाही ते त्यानं आधी सांगायचं. आणि दहा मिनिटांच्या वर कुणी बोलायचं नाही. अंगणवाडीच्या बाईंनी पहिला उपदेश केला तो इथ्रोवर. मोशेचा सासरा येतो आणि पाहतो की सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक मोशेभोवती उभे आहेत, तो एकटा न्याय करत बसलाय. सासरा म्हणतो, हे बरं नव्हे, तूही झिजशील आणि लोकही झिजतील. बाई म्हणाल्या, "मोशेनं सासऱ्याचं ऐकलं. आपल्याकडे जावई कधी ऐकतो?" चर्चमध्ये हसू पिकलं. आणि मग त्या गंभीरपणे म्हणाल्या, "पण आपल्या साहेबांना असं सांगणारं कुणी आलंच नाही. आपण सगळे रांगेत उभे होतो."

भजनी बुवांच्या खेड्यात तर उपदेशही झाला नाही बऱ्याचदा. पेटी, तबला, टाळ आणि दीड तास भजन, मध्ये एक उतारा आणि प्रार्थना. तिथली हजेरी वाढली. ज्या बायका पाळकांसमोर पदर सावरून गप्प बसायच्या, त्या स्वतः प्रार्थना करू लागल्या.

दफनभूमीची फाईल खजिनदारांनी आणि ज्येष्ठांनी घेतली. गोष्ट लहान वाटते, पण माझ्या मते अर्धी सुट्टी याच एका गोष्टीत होती.

काय निष्पन्न झालं

साहेब सप्टेंबरात परत आले. औषध पुढे वर्षभर चाललं. पहिल्या रविवारी त्यांनी उपदेश केला नाही, समोरच्या बाकावर मुलांमध्ये बसून ऐकला. दुसऱ्या आठवड्यात ते त्या खेड्यात गेले, एकटेच, मोटारसायकलवर. त्या थोरल्या मुलाच्या घरी जाऊन माफी मागितली. मुलगा म्हणाला, "साहेब, तुम्ही चुकलात याचं वाईट नाही वाटलं. तुम्हाला कळलं नाही, त्याची भीती वाटली होती."

मंडळीच्या बाजूनं सगळंच गोड झालं नाही. पाच जणांपैकी तरुण संघाच्या मुलाला व्यासपीठाची गोडी लागली. त्यानं समितीला न विचारता बाहेरच्या एका स्वतंत्र प्रचारकाला चंगाईच्या (प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या) सभेसाठी आणलं. त्यातून वाद झाला, आणि तीन कुटुंबं त्या प्रचारकामागे गेली. ती अजून परतलेली नाहीत. त्या मुलाला बुधवारी शिकवणारी मी होते. बोलायचं कसं ते शिकवलं, थांबायचं कुठे ते शिकवलं नाही.

एका खेड्यानं शेवटपर्यंत "पाळक नाहीत तर उपासना कसली" म्हणून कुलूप उघडलं नाही. तीन महिने ती माणसं तालुक्याला आली, काही आलीच नाहीत. साहेब परतल्यावर तिथे उपासना पुन्हा सुरू झाली, पण अकरा माणसांवर.

बाकी जे टिकलं ते असं: सोमवार पाळकांच्या सुट्टीचा. मयत सोडून कुणी बंगल्यावर जायचं नाही. महिन्यातून एकदा साहेब पुण्याला फादरांकडे जातात, एस.टी.चं भाडं समिती देते आणि काय बोलणं झालं हे कुणी विचारत नाही. खेड्यांतल्या दर महिन्याच्या दोन उपासना सभासदच घेतात. राजीनाम्याचा तो कागद साहेबांनी पुढच्या नाताळच्या आधी फाडला. मला बोलावून माझ्यासमोर फाडला.

आज वेगळं काय करू

मंडळीला आम्ही सांगितलं होतं, "पाळकसाहेब काही कारणामुळे रजेवर आहेत." त्यांची लाज राखावी म्हणून मोघम बोललो. आठवड्याच्या आत गावात बोलणं सुरू झालं की दफनभूमीच्या पैशांत घोळ झालाय. खजिनदारांनी तीन वर्षांचा हिशोब फलकावर लावला, तेव्हा ते थांबलं, पण पाळकीणबाईंना किराणाच्या दुकानात जे ऐकावं लागलं ते फलकानं पुसलं गेलं नाही. आज मी साहेबांच्या संमतीनं सरळ सांगेन: ते आजारी आहेत, थकल्यामुळे आजारी आहेत, आणि त्यात आपला वाटा आहे. ऐकून घेण्याची ताकद मंडळीत असते. आम्ही ती अजमावलीच नाही.

डॉक्टरांकडे आधी जायला हवं होतं, हे तर झालंच. तो पुढाकार दुसऱ्या मंडळीच्या फादरांनी घ्यावा लागला.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते पाळकीणबाईंचं. त्या रविवारशाळा घेत, महिला संघ चालवत, येणाऱ्या प्रत्येकाला चहा करत, आणि पगाराच्या कागदावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. सुट्टी साहेबांना मिळाली, त्यांना नाही. त्या तीन महिन्यांतही रविवारशाळा त्यांनीच घेतली, आणि आमच्यापैकी कुणालाही ते खटकलं नाही, मलाही नाही. ऑगस्टच्या शेवटी मी सकाळी सहाला, नेहमीसारखी, मागच्या दारानं आत गेले तेव्हा त्या ओट्याशी उभ्या होत्या. चहाचं आधण ठेवता ठेवता शांतपणे म्हणाल्या, "बाई, या घरात कुणीच कडी वाजवत नाही. आमचं भांडणसुद्धा आम्ही कुजबुजत करतो." मी तशीच उभी राहिले. मग बाहेर गेले, पुढच्या दाराशी आले आणि कडी वाजवली. त्यांनी दार उघडलं. दोघीही रडलो. पण रडून त्यांची सुट्टी काही झाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांना पंधरा दिवस माहेरी पाठवलं आणि रविवारशाळेसाठी दोन मुली तयार केल्या. ते एक वर्ष उशिरा झालं.

आणखी एक. आम्ही पाळकांच्या डोक्यावरचं ओझं पाच जणांत वाटलं, पण त्या पाच जणांकडे कोण बघणार याचा विचार केला नाही. त्यांना शिकवलं, कामाला लावलं आणि सोडून दिलं. नर्स मुलीची बदली झाली, ती गेली. कारकून आणि भजनी बुवा टिकून आहेत. अंगणवाडीच्या बाई दोन वर्षं दर पंधरवड्याला खेड्यावर जातात, स्वतःची नोकरी आणि आजारी सासू सांभाळून. मागच्या महिन्यात त्यांनी मला निरोप पाठवला, "बाई, पुढचे दोन रविवार दुसऱ्या कुणाला बघा. उतारा वाचते पण आत काही जात नाही."

मी ते वाक्य दोनदा वाचलं. हेच शब्द नाहीत, पण हेच मी त्या ओसरीवर ऐकलं होतं.

या वेळी थांबले नाही. दुसऱ्याच दिवशी साहेब आणि मी त्यांच्या घरी गेलो, पुढच्या दारानं. साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बाईंना विचारलं, "झोप लागते का?"

बाईंची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. खेड्यावरच्या त्यांच्या रविवारी तूर्त मी जाते. त्यांना फादरांकडे जायचं नाही, बाईमाणसाशी बोलायचंय, आणि तसं ऐकून घेणारी बाई आमच्या तालुक्यात कोणत्या मंडळीत आहे याचा शोध चालू आहे. रोमन, मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी), मेथॉडिस्ट, कुठल्याही पंथाची चालेल. येत्या समितीच्या सभेत पहिला विषय तोच ठेवला आहे. दफनभूमीची मोजणी दुसरा.